बोनेटखालचं वादळ

पंपावर आपण पेट्रोलचे पैसे देतो. पण त्या पेट्रोलला जळायला दुसराही एक पदार्थ लागतो आणि त्याचं बिल कुणीच पाठवत नाही. हवा! किती लागते, ठाऊक आहे?

एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या जरा आतच. म्हणजे लिटरमागे हवा झाली जवळजवळ ११ किलो. आता ११ किलो हवेला जागा किती लागेल? सुमारे ९ हजार लिटर! स्वस्थ बसलेला माणूस दिवसरात्र मिळून श्वासावाटे दहा-अकरा हजार लिटर हवा आत घेतो. म्हणजे तुमच्या जवळजवळ चोवीस तासांच्या श्वासांएवढी हवा तुमची छोटी गाडी कोथरूडहून हडपसरला पोचेपर्यंत गिळून मोकळी होते. ३७ लिटरची टाकी संपेतो हा आकडा ३ लाख ३० हजार लिटरवर जातो. पाचशे चौरस फुटांचे फ्लॅट जमिनीपासून छतापर्यंत रिकामे केले, तर असे दोन-अडीच फ्लॅट लागतील.

वजनाची गंमत तर आणखी पुढची. पाऊण किलोही न भरणारं ते एक लिटर पेट्रोल जळलं, की सायलेन्सरमधून २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जास्तीचं वजन आलं कुठून? हवेतल्या ऑक्सिजनचं! आणि हवेतला जो ७८ टक्के नायट्रोजन आपण बिनकामाचा समजतो, तोही फुकट प्रवास करत नाही. जळण्याची उष्णता खाऊन तो फुगतो आणि पिस्टनला खाली रेटतो. रेटणाऱ्या वायूंमध्ये सगळ्यांत मोठा वाटा त्याचाच. तेव्हा या गाडीला पेट्रोलवर चालणारी गाडी म्हणण्यापेक्षा हवेवर चालणारी म्हणणं जास्त खरं, नाही का? पेट्रोल त्यात चिमूटभर.

म्हणूनच गाडीचं पिकअप वाढवायचं मनात आलं, की हौशी मंडळींचा हात पहिल्यांदा जातो तो हवेच्या वाटेकडे. बोनेट उघडायचं, एअर फिल्टरचा काळा प्लॅस्टिकचा डबा काढून फेकायचा आणि त्याजागी चकचकीत, शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवायचा. गाडी गुरगुरायला लागते, मालक खूश होतो. पण त्या फेकलेल्या डब्यात काय काय होतं, हे बघितलं तर थक्क व्हायला होतं.

सुरुवात एका गैरसमजापासून करू. इंजिन हवा ओढतं, असं आपण म्हणतो. खरं तर इंजिनाला हवा ओढता येतच नाही. कुणालाच येत नाही! पिस्टन खाली जातो तेव्हा तो फक्त जागा रिकामी करतो. त्या रिकाम्या जागेत हवा ढकलतं ते बाहेरचं वातावरण. आपल्या डोक्यावर कित्येक किलोमीटर उंचीचा हवेचा ढीग आहे आणि त्याच्या वजनाने खालची हवा मिळेल त्या फटीत घुसते. १७१२ साली इंग्लंडमध्ये थॉमस न्यूकमनने कोळशाच्या खाणीतलं पाणी उपसायला जे यंत्र उभं केलं, त्यात पिस्टन खाली दाबण्याचं काम वाफ करत नव्हती. वाफ थंड करून पोकळी केली, की पिस्टन खाली दाबत होतं वातावरण. तुमच्या गाडीचा प्रत्येक श्वास आजही त्याच जोरावर चालतो.

हा जोर किती? १०.३ मीटर उंचीचा पाण्याचा खांब तोलून धरण्याइतका. तीन मजल्यांएवढा! पण यापेक्षा एक मिलिमीटरही जास्त नाही. टर्बो, म्हणजे हवा जबरदस्तीने आत कोंबणारा पंखा, नसलेल्या इंजिनाला मिळणारं भांडवल एवढंच, आणि बाहेरून सिलिंडरपर्यंतच्या वाटेवर प्रत्येक वळण, प्रत्येक अरुंद तोंड, प्रत्येक जाळी त्यातून आपला वाटा कापून घेते. हवेची वाट सुधारणं म्हणजे ही कापाकापी कमी करणं. बस्स, बाकी काही नाही.

आता वेळ बघा. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे मारत असताना पिस्टनला वरून खाली यायला लागतात ५ मिलिसेकंद. तुमची पापणी एकदा लवायलाही याच्या कितीतरी पट वेळ लागतो. तेवढ्यात १,१९७ सीसीच्या चार सिलिंडरांपैकी एकाने आपले ३०० सीसी भरून घ्यायचे असतात. चारही सिलिंडरांची मिळून बेरीज केली तर मिनिटाला साडेतीन हजार लिटरच्या घरात जाते. ही सगळी हवा पाच सेंटिमीटर व्यासाच्या नळीतून जाते असं धरा, तर नळीतल्या वाऱ्याचा वेग येतो ताशी १०० किलोमीटरच्या आसपास. हवामान खात्याच्या मोजपट्टीत ताशी ८९ ते ११७ किलोमीटर म्हणजे तीव्र चक्रीवादळ. जून २०२० मध्ये कोकणातल्या नारळी-पोफळी आडव्या करणारं ‘निसर्ग’ याच वर्गातलं होतं. तसं वादळ तुमच्या बोनेटखाली, मनगटाएवढ्या नळीत वाहत असतं!

मात्र सदासर्वकाळ नाही. पेट्रोल गाडीत या वाटेच्या मध्यावर एक झडप असते, थ्रॉटलची. आपला उजवा पाय तिलाच हलवतो. आपण ‘रेस देतो’ म्हणतो, पण आपण पेट्रोल देत नसतो. आपण हवेचं दार किलकिलं करतो, आणि आलेली हवा मोजून पेट्रोल किती सोडायचं ते संगणक ठरवतो. सिग्नलला गाडी नुसती चालू असते तेव्हा ही झडप इतकी मिटलेली असते, की तिच्या पलीकडचा दाब बाहेरच्या दाबाच्या जेमतेम एक तृतीयांश उरतो. ८० अश्वशक्तीच्या गाडीला सपाट रस्त्यावर साठच्या वेगाने जायला १० अश्वशक्तीही पुरतात. म्हणजे बहुतेक वेळ आपण स्वतःच इंजिनाचा गळा आवळून बसलेलो असतो.

‘फिल्टर बदला, ॲव्हरेज वाढेल’ हा समज इथे कोसळतो. दार आपणच नव्वद टक्के बंद ठेवलंय, तर दाराबाहेरचा रस्ता रुंद करून काय फरक पडणार? चोंदलेल्या फिल्टरमुळे हवा अडली, तर पाय नकळत किंचित जास्त दाबला जातो, झडप किंचित जास्त उघडते, आणि हिशोब जिथल्या तिथे. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये आधुनिक गाड्यांचे फिल्टर मुद्दाम चोंदवून हे तपासलं. इंधनाच्या खपात लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. मंदावला तो फक्त जोरात वेग घेण्याचा दम. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांची गोष्ट वेगळी होती. तिथे हवा अडली की पेट्रोलचं प्रमाण वाढायचं. तेव्हाचा सल्ला तेव्हा बरोबर होता. तो आजही पाठ म्हणून दाखवला जातो, एवढीच अडचण. तर हवेच्या वाटेची खरी परीक्षा पाय तळाला टेकवल्यावर, ट्रकला ओलांडताना किंवा घाट चढताना.

चला, आता वाटेने आत जाऊ. पहिला थांबा तोंड. बहुतेक गाड्यांमध्ये हे तोंड हेडलाइटच्या मागे किंवा मडगार्डच्या पोकळीत उंचावर लपवलेलं असतं, आणि बऱ्याचदा समोर न बघता आडवं वळलेलं. वाऱ्याकडे तोंड न करण्यात काय शहाणपण? शंभरच्या वेगाने समोरून येणारा वारा तोंडात कोंबला, तर दाब वाढतो पाण्याच्या पावणेपाच सेंटिमीटरएवढा. १०.३ मीटरच्या तुलनेत हे अर्ध्या टक्क्याहूनही कमी! बोनेटवर मिरवणाऱ्या त्या ऐटबाज नाकपुड्यांचा फायदा एवढाच. आणि समोर बघणारं तोंड वाऱ्याबरोबर पावसाचं पाणीही घेणार.

पाणी किती घातक? तीनशे सीसीच्या सिलिंडरमधली हवा साधारण अकराव्या हिश्शात दाबली जाते. म्हणजे पिस्टन वर टेकतो तेव्हा त्याच्या डोक्यावर उरते फक्त ३० सीसी जागा. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. दोन मोठे चमचे पाणी एका सिलिंडरमध्ये शिरलं, की वर येणाऱ्या पिस्टनला जागाच उरत नाही आणि पोलादी कनेक्टिंग रॉड वाकतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा सेल्फ मारून बघणारे लोक याच दोन चमच्यांशी खेळत असतात. थंड हवा मिळावी म्हणून बाजारातली लांब नळी बसवून तोंड खाली बंपरपाशी आणणाऱ्यांनी पावसाळ्यापुरतं तरी हे गणित आठवावं.

थंड हवेचा हट्ट मात्र अगदी रास्त आहे. हवा तापली की पसरते, आणि त्याच ३०० सीसीत ऑक्सिजन कमी मावतो. ढोबळ हिशोब असा, की दर तीन अंशांना एक टक्का. बाहेर ३५ अंश आणि बोनेटखाली ६० अंश असतील, तर आतली हवा घेणारं इंजिन साडेसात टक्के तोट्यात. आणि तो उघडा, चकचकीत शंकू बसतो कुठे? नेमका बोनेटखाली, तापलेल्या इंजिनाच्या शेजारी! कंपनीचा कुरूप डबा लांब सोंड काढून मडगार्डमधली बाहेरची हवा घेत होता. तो गेला, अडथळा फार तर तीन टक्के कमी झाला, उष्णतेने साडेसात टक्के नेले. वेगात गाडीखालून वारा खेळतो तेव्हा हा तोटा घटतो हे खरं, पण टोलनाक्यावर रांगेत उभं राहून निघताना कुणाचं इंजिन जोरात असेल, ते सांगायला नको.

पुढचा थांबा फिल्टर, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला एअर फिल्टरच नव्हता. रस्त्यावरची धूळ थेट इंजिनात. धुळीतल्या वाळूचा मुख्य घटक क्वार्ट्झ, आणि तो साध्या पोलादालाही ओरखडे काढतो. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये तेलाचा काही मायक्रॉनचा पापुद्रा असतो, त्यात हे कण शिरले की आत पॉलिश पेपर घासणंच सुरू. रिंगा जातात, इंजिन ऑइल खायला लागतं. सगळ्यांत आधी हाल झाले ते शेतातल्या ट्रॅक्टरचे. १९१५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटाचा फ्रँक डोनाल्डसन हा ट्रॅक्टर विकणारा माणूस ही रड ऐकून होता आणि त्याने ट्रॅक्टरसाठी हवा गाळण्याचं साधन बनवलं. त्याच्या नावाची कंपनी आजही फिल्टरच बनवते.

दुसऱ्या महायुद्धात तर या धुळीमुळे ब्रिटिशांच्या स्पिटफायर विमानाला हनुवटी उगवली. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात इंजिनं टिकावीत म्हणून त्याच्या नाकाखाली व्होक्स कंपनीचा अगडबंब फिल्टर लावला गेला. इंजिन वाचलं, पण विमानाचा वेग पडला. शत्रूच्या विमानाशी झुंजताना वेग जाणं म्हणजे काय, ते वैमानिकांनाच ठाऊक. मग इजिप्तमधल्या अबूकीर इथल्या दुरुस्ती तळावरच्या लोकांनी स्वतः खटपट करून सडपातळ फिल्टर बनवला आणि हनुवटी बरीच आत गेली. हवा गाळायची, पण अडवायची नाही! हाच पेच आज तुमच्या गाडीत चारशे-पाचशे रुपयांचा घडीचा कागद सोडवतो.

कसा सोडवतो? घड्या मोजा. तो कागद उलगडून पसरला, तर चौकटीच्या कितीतरी पट भरतो. नळीतून ताशी शंभरने आलेलं वादळ एवढ्या मोठ्या क्षेत्रावर पसरलं, की कागदातून जाताना वेग उरतो सेकंदाला काही सेंटिमीटर. समोर अगरबत्ती धरली, तर धूर हळूच वळेल, इतकाच. आणि इतक्या संथ हवेला कागद फारसा अडवत नाही. म्हणूनच सगळे ज्याच्यावर संशय घेतात तो फिल्टरचा कागद, स्वच्छ असेल तर, बऱ्याचदा निर्दोष निघतो.

त्याहून अजब म्हणजे, तो चाळणी नाहीच! त्याच्या तंतूंमधल्या फटी पकडायच्या कणांपेक्षा मोठ्या असतात. मग कण अडकतात कसे? मोठे, जड कण हवेबरोबर चटकन वळू शकत नाहीत आणि सरळ तंतूवर आपटतात. त्याहून थोडे लहान कण वळतात, पण अंगच इतकं की तंतूला घासून जातात आणि चिकटतात. आणि अगदी बारीक कणांना हवेचे रेणू सगळ्या बाजूंनी इतके धक्के देतात, की ते सरळ जाऊच शकत नाहीत आणि भरकटत कुठल्या तरी तंतूवर पोचतात. म्हणजे मोठे सापडतात, सूक्ष्म सापडतात, आणि निसटायला सोपे या दोहोंच्या मधले! मायक्रॉनच्या सुमारे एक तृतीयांश आकाराचे कण पकडणं सर्वांत कठीण. आणखी एक उलटी गोष्ट. फिल्टर नवा कोरा असतो तेव्हा सगळ्यांत कमी गाळतो. धुळीचा पातळ थर बसला, की तो थरच फिल्टर होतो आणि गाळणं सुधारतं. दर आठवड्याला फिल्टर काढून कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकर मारणारे मेकॅनिक मनापासून काम करतात, पण त्या बिचाऱ्या कागदाला शिकलेलं विसरायला लावतात. जोराच्या फुंकरीने कागद फाटण्याची भीती वेगळीच.

बाजारातल्या ‘फ्री-फ्लो’ फिल्टरमध्ये कागदाऐवजी तेल लावलेल्या सुती कापडाचे थर असतात. कॅलिफोर्नियातल्या के अँड एन कंपनीने १९६९ पासून हा प्रकार लोकप्रिय केला. धुऊन पुन्हा वापरता येतो, ही त्याची मोठी सोय. पण धुतल्यावर तेल सढळ हाताने ओतलं आणि गाडीत हवा मोजणारी तापलेली तार असेल, तर तेलाचे थेंब तिच्यावर बसून मोजमाप बिघडू शकतं. आपल्या अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत ही तार नसते, दाब आणि तापमानावरून हवेचा हिशोब केला जातो. आधी आपल्या गाडीत काय आहे ते विचारा.

फिल्टरच्या आसपास, नळीला लटकलेल्या एक-दोन बंद डब्या दिसतील. आत जायला वाट आहे, बाहेर पडायला नाही. हवा त्यांच्यातून वाहतच नाही! हौशी माणूस म्हणतो, ‘फुकटची अडगळ, कापा.’ थांबा. रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून फुंकर मारली की घूं असा एकच सूर निघतो. बाटलीच्या मानेतली हवा आत दबते, आतली हवा स्प्रिंगसारखी तिला परत ढकलते, ती बाहेर येते, पुन्हा आत. हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात अशा पोकळ गोळ्यांनी सूर वेगळे करून ऐकले. ती लटकणारी डबी हीच बाटली आहे, फक्त उलट्या कामाला लावलेली. चार सिलिंडरांचं इंजिन ३,००० फेऱ्यांवर सेकंदाला १०० श्वास घेतं, आणि नळीच्या तोंडातून १०० हर्ट्झची घरघर बाहेर पडू बघते. डबीची मान आणि पोट अशा मापाने कापलेलं असतं, की तिच्यातली हवा नेमक्या त्याच सुरात, पण उलट्या तालात डोलते. दोन्ही आवाज भेटतात आणि एकमेकांना खातात. आवाजाने आवाज गप्प! हेच काम साध्या बंद नळीकडून करून घ्यायचं, तर ती ८५ सेंटिमीटर लांब लागली असती. डबी तळहातावर मावेल इतकी.

ती कापली की घरघर मोकळी होते, आणि माणसाच्या मेंदूची गंमत अशी, की मोठा आवाज ऐकला की त्याला गाडी जोरात गेल्यासारखी वाटते. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे. २०११ च्या बीएमडब्ल्यू एम-५ मध्ये तर इंजिनाचा आवाज स्पीकरमधून ऐकवायची सोय केली होती. तेव्हा ‘फिल्टर बदलल्यापासून गाडी सुटते’ असं कुणी म्हणालं, तर आधी विचारावं, घड्याळ लावून बघितलं का?

थ्रॉटलच्या पलीकडे वाट चार नळ्यांत फुटते आणि इथे तर हवा जादूच करते. पिस्टन तळाला पोचून पुन्हा वर यायला लागला, तरी आत घेणारा व्हॉल्व्ह उघडाच ठेवतात. पिस्टन वर येतोय, जागा कमी होतेय, आणि हवा मात्र अजून आत घुसतेय! कारण नळीतला हवेचा लोट वेगात आहे. संध्याकाळी दादरला लोकलचा डबा गच्च भरलेला असतो, दारातला माणूस ‘अरे जागा नाही’ म्हणून ओरडतो, तरी मागून येणारा लोंढा आणखी चार जण आत चेपतोच. तसंच हे. मग व्हॉल्व्ह बंद होतो, तो क्षण अचूक साधला की चेपलेली हवा आत कोंडली जाते. काही वेगांवर तर सिलिंडरमध्ये त्याच्या मापापेक्षा जास्त हवा भरते, टर्बो नसतानाही.

याला जोड लाटेची. पिस्टन खाली जाताना नळीत कमी दाबाची लाट उठते आणि आवाजाच्या वेगाने बाहेरच्या तोंडाकडे पळते. उघड्या तोंडाशी काय आहे? काहीच नाही, भिंत नाही, पडदा नाही. तरीही लाट तिथून परत फिरते, आणि फिरताना उलटी होते. कमी दाबाची गेलेली लाट जास्त दाबाची होऊन येते! ती व्हॉल्व्ह मिटायच्या नेमकी आधी पोचली, तर शेवटचा धक्का देऊन हवा आत ठासते. नळीची लांबी ठरवायची ती या भेटीसाठी. १९६० च्या क्रायस्लर ३०० एफ गाडीत अशा नळ्या ७६ सेंटिमीटर लांब होत्या. बोनेटखाली मावेनात, म्हणून डाव्या बाजूच्या कार्ब्युरेटरने उजव्या सिलिंडरांना हवा द्यायची आणि उजव्याने डाव्यांना, अशा आडव्या टाकल्या होत्या. एवढ्या नळीतून लाटेला जाऊन यायला साधारण साडेचार मिलिसेकंद. इंजिनाचा वेग बदलला की ही भेट चुकते, हे दुखणं उरलंच. त्यावर माझदाने काढलेला उपाय मला सगळ्यांत आवडतो. १९९१ मध्ये ल मॅनची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या ७८७ बी गाडीत हवेच्या नळ्या इंजिनाच्या वेगाबरोबर, धावता धावता, आपली लांबी कमी-जास्त करत होत्या.

हे सगळं कळल्यावर डबा फेकून द्यायचा हात जरा थबकतो. मग करायचं काय? मोजायचं! आणि मोजायचं साधन जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. गवंडी दोन भिंतींची पातळी जुळवायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतो, ती लेव्हल पाइप. तीच इंग्रजी यू अक्षरासारखी वळवून फळीवर बांधा, हातभर रंगीत पाणी भरा. एक टोक उघडं ठेवा. दुसरं टोक लांब नळीने फिल्टरच्या पुढे, थ्रॉटलच्या अलीकडे जोडा. मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गियरमध्ये पाय तळाला टेकवून गाडी पूर्ण ताणा. पाण्याकडे बघायचं ते शेजारी बसलेल्याने, चालवणाऱ्याने नव्हे! दोन बाजूंच्या पातळ्यांत जेवढे सेंटिमीटर फरक, तेवढा दाब वाटेने खाल्ला. ३० सेंटिमीटर दिसले तर १०.३ मीटरमधले तीन टक्के गेले, म्हणजे जोरही साधारण तीनच टक्के. ८० अश्वशक्तीतले अडीच. एवढंच लुटायला आहे, हे आधीच कळलं की पाकीट उघडायचं की नाही ते ठरवता येतं.

एक सावधगिरी. नळी चुकून थ्रॉटलच्या पलीकडे लावलीत, तर इंजिन नुसतं चालू असताना तिथला दाब बाहेरच्यापेक्षा जवळजवळ सात मीटर पाण्याएवढा कमी असतो. वातावरण तुमचं सगळं रंगीत पाणी सरळ सिलिंडरमध्ये ढकलेल. दोन चमच्यांचा हिशोब आठवतोय ना?

आता नळी फिल्टरच्या अलीकडे जोडून तीच चाचणी पुन्हा, मग सोंडेच्या तोंडाशी. वजाबाकी केली की चोर सापडतो, आणि बऱ्याचदा तो कागद नसतो. एखादं चपटं केलेलं वळण, नाहीतर सोंडेचं तोंड. नळीची कड कापल्यासारखी धारदार असेल, तर हवेला कोपऱ्यावरून वळता येत नाही, ती भिंत सोडून मध्ये आकसते आणि आपल्या वेगाच्या दाबाचा जवळजवळ अर्धा भाग तिथेच गमावते. तीच कड सनईच्या तोंडासारखी गोल पसरली, तर तोटा चार-पाच टक्क्यांवर. व्यास तोच, लांबी तीच, फक्त कड गोल! व्यासाचा हिशोब तर आणखी चक्रावणारा. वळणांतला आणि तोंडांतला तोटा व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. पाच सेंटिमीटरची नळी साडेपाचची केली, की तोटा एक तृतीयांश कमी. काही चिमण्या मिलिमीटरांत!

सोंड मडगार्डमध्येच ठेवा, उंचीवरच ठेवा, फक्त तिचं तोंड गोल आणि वाट थोडी रुंद करा. डबा, कागद, मुक्या डब्या सगळं जागेवर. माझ्या मते घरच्या गाडीला शोभणारा बदल एवढाच. यापुढे जायचं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि वॉरंटीचं पुस्तक आधी वाचलेलं बरं.

आणि या अडीच-तीन टक्क्यांचा फार अभिमान वाटायला लागला, तर पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जा. साडेतेराशे मीटरवर पोचेपर्यंत डोक्यावरचा हवेचा ढीगच कमी होतो आणि दाबातले १५ टक्के जातात. वरच्या गारव्याने त्यातले दोन-तीन टक्के परत मिळतात, बाकीचे गेले ते गेलेच. टर्बोवाला शेजारी हसत पुढे निघून जाईल, कारण त्याचं पातं जरा जास्त फिरून ती तूट भरून काढतं. तुमच्या पाण्याच्या नळीला मात्र यातलं काहीच कळणार नाही. दाब तिच्या दोन्ही टोकांना सारखाच उतरलेला असतो, ती फक्त फरक दाखवते. गेलेले १५ टक्के बघायचे असतील तर मागच्या सीटवर नजर टाका, पोलादपूरला घेतलेलं आणि अजून न फोडलेलं वेफर्सचं पाकीट टम्म फुगलेलं असेल.